टेलिफोटो झूम आणि ग्रे आयातीचा हिशेब

गेल्या चार महिन्यांत टेलिफोटो झूम लेन्स (दूरचे जवळ आणून दाखवणारी आणि पल्ला कमी-जास्त करता येणारी लेन्स) विकत घेण्याचे मी दोनदा ठरवले आणि दोन्ही वेळा हात आखडता घेतला. पहिल्यांदा कोणती लेन्स घ्यावी यावर अडले. दुसऱ्यांदा लेन्स ठरली होती, पण ती कोणाकडून घ्यावी यावर अडले, कारण तीच लेन्स अधिकृत वितरकापेक्षा ग्रे आयात करणाऱ्या, म्हणजे वितरकाला वगळून परदेशातून माल आणणाऱ्या, विक्रेत्याकडे सुमारे १५ टक्के स्वस्त मिळत होती. लेन्सची निवड हा एक प्रश्न आणि खरेदीचा मार्ग हा दुसरा, असे मी तोवर धरून चालले होते. आता तसे वाटत नाही. लेन्सच्या आत काय काय हलते, ते बिघडले तर कोण दुरुस्त करू शकते आणि कोण करायला तयार होईल, यावरच ग्रे आयातीतली जोखीम बव्हंशी ठरते. म्हणून लेन्सची रचना समजून घेण्याआधी किमतीतला फरक मोजत बसण्यात फारसे हशील नाही.

मी प्रामुख्याने पाणवठ्यावरचे पक्षी टिपते. आतापर्यंत ७०-३०० मिलीमीटरच्या लेन्सवर काम भागवत होते. नवी लेन्स किती लांब पल्ल्याची हवी हे ठरवताना मी आधी कोणतीही परीक्षणे न वाचता स्वतःचीच गेल्या वर्षभरातली छायाचित्रे उघडली आणि प्रत्येक फाइलमध्ये नोंदलेली फोकल लेंग्थ, म्हणजे मिलीमीटरमधला लेन्सचा पल्ला, पाहिली. जपून ठेवलेली बहुतेक छायाचित्रे ३०० मिलीमीटरवर घेतलेली होती आणि त्यांतली बरीचशी नंतर निम्म्याहून अधिक कापावी लागली होती. लेन्स घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून पाहावे, असे मी मनापासून सांगेन. कारण आपण काय टिपतो याची आपली कल्पना आणि आपण प्रत्यक्षात काय टिपलेले असते यांत अनेकदा मोठे अंतर असते, आणि लेन्स कल्पनेसाठी घेतली की ती कपाटात पडून राहते.

त्यानंतर प्रश्न उरला ४०० की ६०० मिलीमीटर हा. ४०० मिलीमीटरवर घेतलेले छायाचित्र ६०० मिलीमीटरच्या चौकटीइतके कापले, तर लांबी आणि रुंदी दोन्ही दीडपटीने कमी होतात, म्हणजे पिक्सेल सव्वादोन पटींनी घटतात. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर कापल्यानंतरही २० मेगापिक्सेल हाती राहतात आणि तेवढे बहुतेक कामांना पुरतात. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. त्यात साडेदहाच्या आसपासच उरतात. त्यामुळे ज्याच्याकडे दाट पिक्सेलचा सेन्सर आहे त्याला १००-४०० वर्गातली हलकी लेन्स पुरेशी ठरू शकते, आणि माझ्यासारख्याला नाही. लेन्सविषयीचा कोणताही सल्ला सल्ला देणाऱ्याचा कॅमेरा कोणता हे विचारल्याशिवाय स्वीकारू नये, हे मला या साध्या भागाकाराने शिकवले.

वजनाचे गणितही असेच साधे आहे, आणि ते एकदा कळले की जाहिरातींतली बरीचशी भाषा आपोआप गळून पडते. फोकल लेंग्थला एफ क्रमांकाने (हा जितका लहान तितका प्रकाश अधिक) भागले की लेन्सच्या प्रवेशछिद्राचा व्यास मिळतो. ७०-२०० एफ/२.८ लेन्सला २०० मिलीमीटरवर सुमारे ७१ मिलीमीटरचे छिद्र लागते आणि १००-४०० एफ/५.६ लेन्सलाही ४०० मिलीमीटरवर नेमके तेवढेच. या दोन वर्गांतल्या पुष्कळ लेन्स दीड किलोच्या आसपास भरतात, यात आश्चर्य नाही. ६०० एफ/६.३ म्हटले की हा व्यास ९५ मिलीमीटरवर जातो, पुढची काच तेवढी रुंद करावी लागते आणि लेन्स दोन किलोंच्या घरात पोहोचते. सोनीची २००-६००, निकॉनची झेड माउंटवरची (माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याची जागा) १८०-६०० आणि सिग्माची मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठीची १५०-६०० या तिन्ही लेन्स दोन किलोंच्या थोड्या अलीकडे-पलीकडे आहेत, ती निर्मात्यांची हौस नव्हे. प्रकाश गोळा करायचा तर काच वाहावीच लागते. फुजीफिल्मच्या १५०-६०० लेन्सचे वजन सुमारे १.६ किलो आहे, कारण तिचे छिद्र ६०० मिलीमीटरवर एफ/८ एवढेच उघडते. कॅननची २००-८०० याच वाटेने एफ/९ पर्यंत गेली आहे. आरशाच्या कॅमेऱ्यांत ऑटोफोकस साधारण एफ/५.६ ते एफ/८ च्या पलीकडे चालत नसे. सेन्सरवरूनच फोकस साधणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांनी ती अट काढून टाकली, म्हणून अशा लेन्स निघू शकल्या.

एफ/६.३ आणि एफ/५.६ यांत फक्त एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) फरक आहे आणि त्यासाठी जीव टाकण्यासारखे काही नाही. एफ/८ मात्र एफ/५.६ च्या निम्माच प्रकाश देते. उडणाऱ्या पक्ष्यासाठी मला १/२००० सेकंदाचा शटर स्पीड लागतो आणि पहाटेच्या प्रकाशात तो आधीच आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, फार वर नेतो. तिथे आणखी एक स्टॉप गमावणे मला परवडत नाही. स्टॅबिलायझेशनने हा प्रश्न सुटत नाही. ते माझ्या हाताचा कंप सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. बसलेल्या बगळ्यासाठी ते वरदान आहे आणि झेपावणाऱ्या खंड्यासाठी त्याचा उपयोग एवढाच की दर्शिकेतले (व्ह्यूफाइंडरमधले) चित्र स्थिर राहते आणि पक्षी चौकटीत धरून ठेवणे सोपे जाते.

आणखी एक गोष्ट, जी मला पहिल्याच वर्षी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते: ऊन चढल्यावर जमीन आणि पाणी तापते, वर उठणारी हवा लहरू लागते आणि दूरचे चित्र कोणत्याही लेन्समधून मऊच येते. अशा वेळी ६०० मिलीमीटरची लेन्स ४०० पेक्षा जास्त तपशील देत नाही, फक्त धूसरपणा मोठा करून दाखवते. लेन्सला दोष देण्याआधी घड्याळ पाहावे.

आता ज्या मुद्द्यावर हे सगळे येऊन ठेपते, तो मुद्दा म्हणजे झूम कसा होतो. काही लेन्स झूम करताना पुढे लांब होतात आणि काही आतल्या आत झूम करतात. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. त्यांची लांबी कायम तीस सेंटीमीटरहून अधिक असते, त्यामुळे लहान पिशवीत त्या मावत नाहीत. पण झूम केल्यावर ट्रायपॉडवरचा तोल फारसा ढळत नाही आणि पुढचे नळकांडे दर वेळी आत-बाहेर होत नसल्याने धूळ आणि दमट हवा आत ओढली जाण्याचे प्रमाणही कमी राहते. याउलट कॅननची १००-५०० किंवा टॅमरॉनची १५०-५०० मिटल्यावर एकवीस सेंटीमीटरच्या आसपास राहते आणि प्रवासात तो मोठाच फायदा आहे. मात्र बाहेर येणारे नळकांडे म्हणजे घासणारे भाग आणि तरफेसारखा पडणारा भार आलाच. पूर्ण लांब केलेल्या लेन्सच्या टोकाला बसलेला हलकासा धक्काही आतल्या काचांची रांग बिघडवू शकतो. सुसंगतीचे बारकावेही याच टप्प्यावर तपासावेत. कॅननच्या त्या १००-५०० वर टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधे बसवून पल्ला वाढवणारी जोड) लावला तर झूम फक्त ३०० ते ५०० एवढ्याच पट्ट्यात वापरता येतो. सोनीच्या कॅमेऱ्यांवर इतर कंपन्यांच्या लेन्सना टेलिकन्व्हर्टर लागत नाहीत आणि सलग छायाचित्रांचा वेगही सेकंदाला पंधरावर अडतो.

ग्रे माल म्हणजे नकली माल नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तो त्याच कारखान्यातून निघालेला, त्याच कंपनीचा खरा माल असतो. फक्त कंपनीने तो एका देशासाठी विकलेला असतो आणि कोणीतरी तो अधिकृत वितरकाला वगळून दुसऱ्या देशात आणलेला असतो. किमतीत फरक पडतो तो चलनांच्या चढउतारामुळे, देशोदेशी कंपन्यांनी ठेवलेल्या वेगवेगळ्या दरांमुळे, वितरकाच्या वाट्यातून होणाऱ्या जाहिरात, साठा आणि सर्व्हिस सेंटरच्या खर्चामुळे, आणि काही वेळा आयात शुल्क नीट न भरल्यामुळे. यांतल्या पहिल्या तीन कारणांत गैर काही नाही. चौथे कारण असेल तर खरेदीदाराच्या हाती अर्धवट बिल येते आणि पुढे विमा, दुरुस्ती किंवा विक्री यांपैकी कशालाही ते पुरत नाही.

कायद्याची भूमिका देशागणिक बदलते. १९९८ साली युरोपीय न्यायालयाने सिलुएट या ऑस्ट्रियन चष्माचौकट कंपनीच्या खटल्यात असे ठरवले की कंपनीने युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर विकलेला माल तिच्या संमतीशिवाय पुन्हा त्या क्षेत्रात आणून विकण्यास ती आपल्या ट्रेडमार्कच्या आधारे हरकत घेऊ शकते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली, परदेशात छापलेल्या आणि तिथून स्वस्तात आणलेल्या पाठ्यपुस्तकांच्या खटल्यात, कॉपीराइटच्या बाबतीत याच्या उलट दिशेचा निर्णय दिला. हे वाद मुख्यतः विक्रेता आणि कंपनी यांच्यातले असतात. स्वतःच्या वापरासाठी एखादी लेन्स घेणारा त्यांत सहसा ओढला जात नाही. त्याच्यावर परिणाम होतो तो वॉरंटीच्या मार्गाने, कारण उत्पादकाची वॉरंटी हा करार आहे आणि तो कोणत्या देशातल्या खरेदीला लागू होईल हे वॉरंटी कार्डावरच लिहिलेले असते.

मी स्वतः एकदा ग्रे लेन्स घेतली होती. कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव इथे देत नाही. ती पुढे लांब होणारी झूम होती आणि पहिले वर्ष तिने उत्तम साथ दिली. पंधराव्या महिन्यात स्टॅबिलायझेशन सुरू केले की दर्शिकेतले चित्र थरथरू लागले. विक्रेत्याची स्वतःची दोन वर्षांची वॉरंटी होती आणि त्याने ती नाकारली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु लेन्स परदेशी पाठवायची होती, पाठवण्याचा खर्च माझ्याकडे होता, आणि ती परत येताना नवी खरेदी समजून शुल्क लागू नये म्हणून दुरुस्तीची कागदपत्रे आधीच तयार करावी लागली. अकरा आठवड्यांनी लेन्स आली. थरथर थांबली होती, पण चौकटीची उजवी बाजू आता डावीपेक्षा स्पष्टपणे मऊ दिसत होती. पुन्हा पाठवण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि अधिकृत केंद्राने पैसे घेऊनही ती तपासायला नकार दिला. तो संपूर्ण हंगाम हातातून गेला. त्याचे दुःख मला पैशांपेक्षा अधिक झाले, आणि अजूनही होते.

या अनुभवातून मला मिळालेला धडा वॉरंटीचा नव्हता. वॉरंटी अधिकृत मालाचीही ठरावीक मुदतीने संपतेच. खरा फरक तिच्यानंतर पडतो: पैसे देऊन दुरुस्ती होईल की नाही. काही ठिकाणी कंपन्या ग्रे माल मोबदला घेऊन दुरुस्त करतात, काही ठिकाणी अजिबात हात लावत नाहीत. निकॉनच्या अमेरिकेतील शाखेचे धोरण दुसऱ्या प्रकारचे आहे आणि तिने ते उघडपणे सांगितलेले आहे. त्याच शाखेने २०१२ साली स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग देणे बंद केले आणि मार्च २०२० अखेर अधिकृत बाहेरच्या दुरुस्ती केंद्रांची व्यवस्थाही संपवली. अशा परिस्थितीत ओळखीचा कुशल कारागीर असला तरी त्याच्याकडे भागच नसतात. म्हणून खरेदीआधी सर्व्हिस सेंटरला एकच प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे: या मॉडेलची दुसऱ्या देशात विकलेली लेन्स तुम्ही शुल्क घेऊन दुरुस्त कराल का?

या उत्तरावर हिशेब किती बदलतो ते पाहण्यासारखे आहे. समजा, ग्रे मार्गाने किमतीच्या १५ टक्के वाचतात आणि मोठ्या दुरुस्तीला किमतीच्या एक तृतीयांश खर्च येतो. मोबदला घेऊन दुरुस्ती होत असेल, तर वॉरंटीच्या काळात लेन्स बिघडण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत ग्रे खरेदी फायद्याची ठरते. एवढ्या लेन्स काही बिघडत नाहीत. दुरुस्तीच होत नसेल तर बिघाड म्हणजे संपूर्ण लेन्स गेली असे धरावे लागते आणि तीच मर्यादा १५ टक्क्यांवर उतरते. त्यात पुनर्विक्रीचाही विचार हवा. ग्रे लेन्स विकताना खरेदीदार बिल मागतो, वॉरंटी कार्डावरचा देश पाहतो आणि भाव पाडतो. तिथे १० टक्के गेले, तर खरी बचत ५ टक्केच उरते आणि दुरुस्ती न होणाऱ्या लेन्सच्या बाबतीत वीस जणांपैकी एकाचीही बिघडली तरी सौदा बरोबरीत येतो. पहिल्या हिशेबात मी पुनर्विक्री विसरले होते. ती धरल्यावर माझा उत्साह निम्म्याहून अधिक ओसरला.

बिघाडाची शक्यता सर्व लेन्सची सारखी नसते आणि म्हणूनच रचनेचा विषय मी इतका लांबवला. टेलिफोटो झूममध्ये स्टॅबिलायझेशनचा तरंगता काचसमूह, एक किंवा अधिक फोकस मोटरी, विद्युतचलित ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) आणि हलणाऱ्या भागांना जोडणाऱ्या लवचीक पट्टीच्या तारा असतात. झूमबरोबर वाकणाऱ्या तारा जितक्या अधिक, तितक्या वर्षानुवर्षांच्या वापराने तुटण्याच्या जागा अधिक. शिवाय नव्या मॉडेलच्या सुरुवातीच्या नगांत कधीकधी असा दोष निघतो की जो कंपनीलाच दुरुस्त करावा लागतो. निकॉनच्या एफ माउंटवरच्या २००-५०० एफ/५.६ लेन्सच्या आरंभीच्या काही नगांत सलग ऑटोफोकस अचानक थांबत असे; कंपनीने ते मान्य करून विनामूल्य सुधारून दिले, पण त्यासाठी लेन्स सर्व्हिस सेंटरकडे पाठवावी लागत होती. अलीकडच्या बहुतेक लेन्सचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) कॅमेऱ्यातून किंवा यूएसबीने घरीच बदलता येते आणि त्याला देशाचे बंधन नसते, ही ग्रे खरेदीच्या बाजूची एक जमेची गोष्ट आहे. कॅमेऱ्याच्या तुलनेतही लेन्स बरी: केवळ जपानी बाजारासाठी काढलेल्या काही सोनी कॅमेऱ्यांत मेनूची भाषा फक्त जपानी असते, लेन्समध्ये असला अडथळा नसतो.

विक्रेता पारखताना मी तीन गोष्टींवर अडून बसते. बिलावर सिरीयल नंबर छापलेला हवा. आयात शुल्क कोणी भरले हे लिहून मिळायला हवे. आणि सदोष नग किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने परत घेतला जाईल हे खरेदीआधी कळायला हवे. विक्रेत्याची स्वतःची वॉरंटी ही एका दुकानाची शपथ असते आणि ते दुकान तीन वर्षांनी असेलच याची हमी कोणी देत नाही, म्हणून मी तिला हिशेबात जवळजवळ शून्य धरते. पैसे क्रेडिट कार्डाने द्यावेत, म्हणजे माल आलाच नाही किंवा भलताच आला तर बँकेमार्फत तक्रार करता येते. किंमत इतर ग्रे विक्रेत्यांपेक्षाही फार खाली असेल तर ती लेन्स चोरीची किंवा दुरुस्त केलेली असण्याचा संशय घ्यावा.

लेन्स हाती आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याच्या आत तपासणी व्हायला हवी, मग ती कोणत्याही मार्गाने आलेली असो. मी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवते, स्टॅबिलायझेशन बंद करते आणि सकाळच्या थंड हवेत दूरच्या एखाद्या रेखीव वस्तूवर, उदाहरणार्थ खांबावरच्या पाटीवर, फोकस साधून ती पाटी आळीपाळीने चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आणते. प्रत्येक कोपऱ्यात नव्याने फोकस करते. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा किंवा एकच बाजू वेगळी पडत असेल तर काचांची रांग बिघडलेली आहे. हे झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर करावे. त्यानंतर स्टॅबिलायझेशन सुरू करून कान देऊन ऐकावे आणि दर्शिकेत चित्र सरकते का ते पाहावे. माझ्या जुन्या लेन्सबाबत मी हे पहिल्याच आठवड्यात केले असते, तर दुरुस्तीनंतर आलेला दोष पुराव्यानिशी दाखवता आला असता.

शेवटी मी सोनीची २००-६०० घेतली आणि अधिकृत वितरकाकडून घेतली. माझ्या २४ मेगापिक्सेलला ६०० मिलीमीटर हवे होते, आतल्या आत होणारा झूम हवा होता, आणि माझ्या भागातल्या सर्व्हिस सेंटरने माझ्या लेखी प्रश्नाला ग्रे लेन्स स्वीकारणार नाही असे स्पष्ट उत्तर दिले होते. त्या उत्तराने १५ टक्क्यांचा विषय मिटला. उत्तर होकारार्थी आले असते तर मी ग्रे मार्गाने गेले असते, आणि त्यात मला काही चुकीचे वाटले नसते. त्याच कंपनीचा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर मात्र मी ग्रे विक्रेत्याकडून मागवला आहे. त्यात मोटर नाही, स्टॅबिलायझेशन नाही, झूमबरोबर वाकणारी तार नाही. काही घन काचा आणि संपर्काचे ठिपके, एवढेच. तो लावल्यावर ६०० ची ८४० होईल आणि एफ/६.३ चे एफ/९, म्हणजे पहाटे तो पिशवीतच राहील आणि ऊन वर आल्यावर, हवा लहरू लागण्याआधीच्या तासाभरात, त्याचा उपयोग होईल. पुढच्या आठवड्यात तो आला की तीच खांबावरची पाटी, तेच चार कोपरे.